वाचकांचे प्रश्न : दिवसभर बोलणारा रेडिओ

गेल्या अंकातील एका उत्तरात मी ओझरता उल्लेख केला होता की, ब्रिटनमध्ये बीबीसीचे ‘रेडिओ फोर’ नावाचे एक केंद्र आहे आणि ते पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, गाण्यांचा आधार जवळजवळ न घेता, केवळ बोलत असते. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ पत्रे आली. इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरात मी अकरा वर्षे राहिले आणि त्या सर्व काळात हा रेडिओ माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला असे. त्यामुळे या वेळची सारी जागा याच विषयाला देत आहे.

प्रश्न : आमचा मुलगा मँचेस्टरला असतो. तो म्हणतो की तिथे कामावर जाताना गाडीत लोक नुसती चर्चा ऐकतात. दिवसभर बोलणे ऐकून कंटाळा येत नाही का? आणि एका दिवसात इतके बोलण्यासारखे असते तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कंटाळा येत नाही, कारण सलग दोन तास एकाच प्रकारचे बोलणे तिथे सहसा नसते. बातम्यांच्या मागून शेती, शेतीच्या मागून विज्ञान, त्यामागून नाटक, मग पुन्हा बातम्या, अशी त्या दिवसाची वीण असते. रेडिओ फोर या नावाने हे केंद्र ३० सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झाले. त्याआधी, १९३९ पासून, हेच काम बीबीसीची ‘होम सर्व्हिस’ करीत असे. म्हणजे ही वीण घालणाऱ्या हातांना चांगली सवय आहे.

दिवस उजाडतो तो पावणेसहाच्या ‘फार्मिंग टुडे’ने. दुधाचे भाव, मेंढ्यांचे आजार, नव्या अनुदानाचे नियम असे विषय त्यात येतात. सहा वाजता ‘टुडे’ सुरू होतो. १९५७ पासून चालत आलेला हा सकाळचा वृत्तकार्यक्रम आठवड्याच्या दिवसांत नऊ वाजेपर्यंत चालतो, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी होणारी त्यातील मुलाखत मंत्र्यांच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत अवघड परीक्षा मानली जाते. पण मला त्यातील एक लहानसा भाग फार मोलाचा वाटत आला आहे. पावणेआठच्या सुमारास, राजकारणाची सरबत्ती ऐन भरात असताना, ती मध्येच थांबते आणि ‘थॉट फॉर द डे’ या नावाखाली एखादा बिशप, ज्यू धर्मगुरू (रब्बी), शीख किंवा हिंदू अभ्यासक, मुस्लिम विचारवंत तीनेक मिनिटे त्या आठवड्यातील एखाद्या घटनेवर शांतपणे बोलतो. त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. तो थांबला की पुन्हा बातम्या सुरू होतात.

प्रत्येक महत्त्वाच्या तासाच्या आधी सहा टिकटिक ऐकू येतात. ग्रीनिचच्या वेळेच्या या खुणा ५ फेब्रुवारी १९२४ पासून प्रसारित होत आहेत. पहिल्या पाच आखूड असतात, सहावी थोडी लांबते आणि ती सुरू होते तो क्षण म्हणजे नवा तास. निवेदक आपले वाक्य त्या पहिल्या टिकटिकीच्या अगदी आत आणून संपवितात. कित्येकदा पोळी तव्यावर टाकून मी हात तसाच धरून ठेवीत असे, की आज वाक्य पुरे होते की नाही. ते बहुधा पुरे होत असे.

नऊनंतरचा वेळ या केंद्राचा खरा मानबिंदू आहे असे मला वाटते. गुरुवारी त्या वेळी ‘इन अवर टाइम’ लागतो. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत त्याचे सूत्रसंचालन केले आणि त्यांच्या काळात त्याचे हजाराहून अधिक भाग झाले. रचना अगदी साधी आहे. एक सूत्रधार, विद्यापीठांतून आलेले तीन अभ्यासक, एक विषय आणि पाऊण तासाला थोडा कमी वेळ. पार्श्वसंगीत नाही, हशा नाही, ‘आपले स्वागत आहे’ची लांबण नाही. विषय मात्र कुठला कुठे जातो! अशोकावर भाग झाला आहे, भगवद्गीतेवर झाला आहे, उपनिषदांवर झाला आहे, तसाच प्रकाशसंश्लेषणावरही झाला आहे. अभ्यासक भरकटू लागला की ब्रॅग त्याला जवळजवळ कडक स्वरात मूळ मुद्द्यावर आणीत. श्रोत्याला या विषयातील काही येत नाही, पण त्याला बुद्धी मात्र पुरेशी आहे, हे गृहीत धरून केलेले असे बोलणे मी अन्यत्र फार थोडे ऐकले आहे.

दहा वाजता ‘वुमन्स अवर’. हा कार्यक्रम ७ ऑक्टोबर १९४६ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या एका वाहिनीवर सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता, ही गोष्ट आज खरी वाटणार नाही. गर्भपात, रजोनिवृत्ती, एकटीने मूल वाढविणे, असे विषय ज्या काळात घरातही उघडपणे बोलले जात नसत त्या काळात हा कार्यक्रम त्यांवर बोलत असे. दुपारी एकला बातम्या, सव्वादोनला नाटक, पाचला पुन्हा बातम्या, सहाला बिग बेनचे ठोके, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, दहाला दिवसाचा आढावा आणि पावणेअकराला ‘बुक अॅट बेडटाइम’, ज्यात एखादी कादंबरी संक्षिप्त करून रोज थोडी थोडी वाचली जाते. हे वाचन १९४९ पासून चालू आहे.

आपल्या प्रश्नाचा गाभा असा की, हे सगळे कोण ऐकते. माझे उत्तर असे आहे की, सगळे कोणीच ऐकत नाही. शेतकरी पहाटेचे ऐकतो, गाडीतला नोकरदार सकाळचे ऐकतो, घरी असलेली वृद्ध व्यक्ती दुपारचे नाटक ऐकते. परंतु आपला कार्यक्रम संपला तरी रेडिओ लगेच बंद होत नाही, कारण हात कणकेत असतात किंवा स्टिअरिंगवर असतात, आणि मग शेजारचा कार्यक्रम आपसूक कानावर पडतो. चाळीत जसे शेजाऱ्याच्या घरातले बोलणे ऐकू येई आणि त्यातून त्याची सुखदुःखे कळत, तसे हे आहे. इंग्लंडमधील दगडी भिंती रचणाऱ्या गवंड्यांविषयी किंवा प्रकाशसंश्लेषणाविषयी मी होऊन कधीही काही निवडले नसते. ते माझ्यापर्यंत आले, कारण त्याच्या आधी माझ्या आवडीचे काही लागले होते. आज फोनवर आपण आपल्या आवडीचेच ऐकतो आणि यंत्रही तसलेच आणखी पुढे करते. त्यात हे शेजारपण नाहीसे होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : माझे काका व्यापारी जहाजावर होते. ते सांगत की ब्रिटनच्या रेडिओवर रात्री उशिरा समुद्राच्या हवामानाची बातमी एखाद्या प्रार्थनेसारखी वाचतात आणि ज्यांचा समुद्राशी संबंध नाही तेही ती ऐकतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या काकांनी सांगितले ते अक्षरशः खरे आहे. या वार्तापत्राला ‘शिपिंग फोरकास्ट’ म्हणतात. ते ब्रिटनचे हवामान खाते तयार करते आणि १९२५ पासून बीबीसीवरून वाचले जाते. रात्रीचे वाचन बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी होते. त्याआधी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजते, वाचन संपले की राष्ट्रगीत होते आणि एक वाजता हे केंद्र आपली जागा बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला देते.

ब्रिटनभोवतालचा समुद्र एकतीस भागांत वाटलेला आहे आणि वाचनाचा क्रम ठरलेला आहे. नॉर्वेजवळच्या ‘व्हायकिंग’पासून आरंभ करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत, डॉगर, हंबर, थेम्स, डोव्हर, प्लिमथ, बिस्के, फास्टनेट, रॉकॉल, हेब्रिडीज असे करीत शेवटी आग्नेय आइसलंडपाशी वाचन पोहोचते. प्रत्येक भागासाठी आधी वाऱ्याची दिशा, मग बोफर्ट मोजपट्टीवरील त्याचा जोर, मग पाऊसपाणी आणि सर्वांत शेवटी दृश्यमानता सांगतात. ‘वारा’, ‘जोर’, ‘दृश्यमानता’ हे शब्द मुळी उच्चारलेच जात नाहीत, कारण क्रमावरून ते कळतात. एखाद्या भागाचे वर्णन साधारण असे असते : ‘नैर्ऋत्य, पाच ते सात, नंतर पश्चिमेकडे वळून चार. पाऊस, मग सरी. मध्यम, कधीकधी खराब.’ एवढेच.

या साध्या शब्दांमागे काटेकोर अर्थ आहेत, आणि मला त्यांचे कौतुक वाटते ते यासाठी. वादळाचा इशारा देताना ‘लवकरच येत आहे’ असे आपण मोघम म्हणतो. तिथे ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत आणि ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर, असे ठरलेले आहे. दृश्यमानता ‘चांगली’ म्हणजे पाच सागरी मैलांहून अधिक, ‘मध्यम’ म्हणजे दोन ते पाच. संपूर्ण मजकूर सुमारे साडेतीनशे शब्दांत बसवावा लागतो, रात्रीच्या वेळी तीसेक शब्दांची सवलत मिळते. वाचणाऱ्याने तो घाई न करता वाचायचा असतो, कारण हेलकावणाऱ्या नौकेत कोणीतरी पेन्सिलीने तो उतरवून घेत असेल हे त्यात धरलेले आहे. प्रार्थनेचा भास होतो तो या संथपणामुळे. निवेदकाला ती प्रार्थना वाटावी असे वाचायचे नसते.

यांतील एका भागाच्या नावाची कथा सांगण्याजोगी आहे. स्पेनच्या वायव्येकडील भागाला पूर्वी ‘फिनिस्टेर’ म्हणत. स्पेनही तेच नाव आपल्या एका वेगळ्या सागरी भागासाठी वापरीत असल्यामुळे २००२ मध्ये ब्रिटनने ते बदलून ‘फिट्झरॉय’ केले. रॉबर्ट फिट्झरॉय हे डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान. पुढे १८५४ मध्ये हवामान खात्याची स्थापना झाली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारेने किनाऱ्यावर वादळाचे इशारे पाठविण्याची व्यवस्था उभी केली आणि १८६१ पासून ती चालू झाली. आज रात्री वाचले जाणारे ते साडेतीनशे शब्द त्या बुडालेल्या माणसांपर्यंत मागे जातात.

मोठ्या जहाजांवर आता हवामानाची माहिती उपग्रहावरून येते. पण समुद्राचे तोंडही न पाहिलेली, अंथरुणात पडलेली माणसे हे वाचन ऐकत झोपी जातात. माझ्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले होते की, यजमान गेल्यानंतर कित्येक महिने त्यांना या वाचनापर्यंत झोप लागत नसे, आणि या क्षणी बाहेर कोणीतरी जागे आहे एवढे कळले तरी पुरत असे. आपल्या कोकणात वादळाची सूचना रेडिओवर ऐकून होड्या वर ओढणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम घरात सगळे बसून ऐकत असत. तिथे तसे काही आहे का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : ‘फार्मिंग टुडे’चा उल्लेख वर आला आहे. पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘द आर्चर्स’ हे आहे. अँब्रिज या काल्पनिक खेड्यातील कुटुंबांची ही श्राव्यमालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होऊ लागली आणि अजून चालू आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्न रेशनवर मिळत होते. उत्पादन वाढविण्यासाठी शेतकऱ्याने नव्या पद्धती स्वीकारणे आवश्यक होते, पण व्याख्याने कोणी ऐकत नसे. तेव्हा गॉडफ्री बेसली यांनी कृषी खात्याच्या सहकार्याने ही माहिती एका शेतकरी घराच्या रोजच्या बोलण्यात गुंफली. कथा ऐकता ऐकता खत किती टाकावे हेही कानावर पडावे, अशी ती योजना होती. प्रबोधनाचा भाग पुढे मागे पडला, पण शेतीविषयक तपशील चुकू नये म्हणून सल्लागार ठेवण्याची पद्धत टिकली.

या मालिकेचा प्रभाव किती होता, ते एका घटनेवरून कळते. २२ सप्टेंबर १९५५ रोजी ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारी पहिली दूरचित्रवाणी वाहिनी सुरू होत होती. त्याच संध्याकाळी मालिकेतील ग्रेस आर्चर ही तरुण नायिका तबेल्याला लागलेल्या आगीतून घोडा सोडविताना जखमी होऊन मरते असे दाखविले गेले, आणि दुसऱ्या दिवशी लोक नव्या वाहिनीऐवजी ग्रेसविषयी बोलत होते. त्याहून मला अधिक महत्त्वाची वाटते ती अलीकडची कथा. हेलन नावाच्या स्त्रीचा नवरा तिला मुख्यतः बोलण्यातून आणि बंधनांतून हळूहळू कसा पूर्ण ताब्यात घेतो, हे या मालिकेने अडीच-तीन वर्षे, रोजच्या बारा-तेरा मिनिटांत, अगदी सावकाश उलगडले. तो चांगला आहे असे सुरुवातीला श्रोत्यांनाही वाटत होते. अशा मानसिक दडपणाला गुन्हा ठरविणारा कायदा इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये अमलात आला तेव्हा ही कथा चालू होती, आणि श्रोत्यांनी पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम गोळा करून दिली. इतका संथ प्रवास दाखवायला रोज थोडे थोडे बोलणारे माध्यमच लागते.

मालिकेचे ध्वनिमुद्रण बर्मिंगहॅमला होते. शेतावरचे लोखंडी फाटक उघडल्याचा आवाज जुन्या इस्त्रीच्या टेबलाने काढतात आणि गवतातून चालण्याचा आवाज जुन्या ध्वनिफितींच्या गुंत्यावर पाय देऊन. कोकरू जन्मताना ऐकू येते ते दही आणि ओला टॉवेल यांच्या साहाय्याने केलेले असते. हे ठाऊक झाल्यानंतरही माझ्या कानांना ते कोकरूच वाटत राहिले.

प्रश्न : जाहिराती नाहीत, मग खर्च कोण करते?
— एक वाचक, अकोला

उत्तर : दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांकडून दर वर्षी परवाना शुल्क घेतले जाते आणि त्यातून रेडिओचाही खर्च भागतो. केवळ रेडिओ ऐकण्यासाठी लागणारा स्वतंत्र परवाना १९७१ मध्ये रद्द झाला, म्हणजे फक्त रेडिओ ऐकणाऱ्याला काहीही द्यावे लागत नाही.

प्रश्न : या केंद्राचा मराठी माणसांशी काही संबंध आला आहे का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : आपल्या जिल्ह्यातून हा प्रश्न यावा याचा मला आनंद झाला. बीबीसी १९४८ पासून जवळजवळ दर वर्षी ‘रीथ व्याख्याने’ आयोजित करते. पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल होते. २०१४ चे वक्ते होते शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे. त्यांचा जन्म अमेरिकेतला, पण वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. वैद्यकशास्त्राच्या भवितव्यावरील त्यांच्या चार व्याख्यानांपैकी शेवटचे दिल्लीत झाले.

दुसरा संबंध हलकाफुलका आहे. ‘जस्ट अ मिनिट’ या १९६७ पासूनच्या खेळात दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचे असते, मात्र अडखळायचे नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही आणि विषय सोडायचा नाही. निकोलस पार्सन्स यांनी पन्नासहून अधिक वर्षे तो चालविला. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग मुंबईत, तिथल्या प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाले होते. हा खेळ मराठीत घरी खेळून पाहावा. आपण ‘म्हणजे’ किती वेळा म्हणतो ते वीस सेकंदांत समजते.

बीबीसीची स्वतंत्र मराठी सेवाही होती, ती १९४२ ते १९५८ या काळात लंडनहून प्रसारित होत असे. आणि आपल्या आकाशवाणीची घडी बसविण्यासाठी १९३५ मध्ये आलेले लायनेल फील्डन हे बीबीसीमधूनच आलेले होते. ‘वनिता मंडळ’ आणि ‘कामगार सभा’ ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना रेडिओ फोर परका वाटला नाही, तो बहुधा त्यामुळे.

प्रश्न : मी इंग्रजी सुधारण्यासाठी हे केंद्र ऐकू इच्छिते. सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बीबीसीच्या संकेतस्थळावरून ते आपल्याकडेही ऐकता येते. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत आपण साडेचार तास पुढे असतो आणि उरलेल्या काळात साडेपाच तास. म्हणजे उन्हाळ्यात त्यांचा सकाळी नऊचा कार्यक्रम आपल्याला दुपारी दीड वाजता मिळेल आणि ‘द आर्चर्स’ रात्री साडेअकराच्या सुमारास.

विनोदी कार्यक्रमांनी आरंभ करू नका, कारण त्यांतील संदर्भ स्थानिक असतात आणि ते न कळल्यामुळे उगाच आपलेच इंग्रजी कच्चे आहे असे वाटू लागते. ‘इन अवर टाइम’चा अशोकावरील भाग आधी ऐकावा. विषय आपला असल्यामुळे अर्थ हातातून निसटत नाही आणि कान केवळ भाषेकडे लावता येतो. त्यानंतर आठवडाभर रोज एकाच वेळी थेट प्रसारण ऐका. पहिले तीन-चार दिवस उच्चार अंगावर आल्यासारखे वाटतील, ते वाटू द्यावे. ऐकताना वहीत शब्द उतरवून घेऊ नका, हातांना दुसरे काही काम द्या. आणि आपण निवडलेला कार्यक्रम संपला की लगेच बंद न करता पुढे जे काही लागेल ते दहा मिनिटे ऐका. कोणता विषय लागला होता, ते मला अवश्य कळवा.